तबकडीवरच्या नावाला भुलू नका

‘आजोबांचे घड्याळ रेमाँत्वार कंपनीचे आहे,’ असे अभिमानाने सांगणारे लोक मला वर्षातून दोनदा तरी भेटतात. रेमाँत्वार नावाची कंपनी नाही. वेगळी किल्ली न लावता वरची खुंटी फिरवून चावी देता येते, एवढाच त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ. आतल्या झाकणावर ‘स्पिराल ब्रेगे’ कोरलेले दिसले की काहींचा आनंद गगनात मावत नाही. पॅरिसचा थोर घड्याळजी ब्रेगे १८२३ मध्येच वारला. हेअरस्प्रिंगचा बाहेरचा वेढा वर उचलून आत वळवण्याची युक्ती त्याची. ती वापरणाऱ्या पुढच्या कारखानदारांनी त्याचे नावही वापरले.

खिशातल्या जुन्या घड्याळाच्या बाबतीत आपण नेमके नको तिथे वाचतो, अशी माझी तक्रार आहे. तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता’ असले म्हणजे ते मुंबईत बनले असे नव्हे. मद्रासचे पी. ऑर, कलकत्त्याचे कुक अँड केल्व्ही यांचीही तीच गोष्ट. ही विकणाऱ्यांची नावे. मशीन बहुधा सातासमुद्रापलीकडचे, आणि वेस्ट एंडच्या काही घड्याळांत तर लाँजीनचे.

डबीवरचे छाप खोटे नसतात, पण ते डबीपुरतेच बोलतात. नांगराचा छाप असला तर चांदीची पारख बर्मिंगहॅमला झाली. शेजारच्या अक्षरावरून साल निघते. स्विस डबीवर अस्वल म्हणजे ८७५ शुद्धतेची चांदी, रानकोंबडा म्हणजे ८००. आतले मशीन कोणाचे, हे मात्र अस्वलाला ठाऊक नसते. अमेरिकेत तर गिऱ्हाईक दुकानात मशीन वेगळे आणि डबी वेगळी निवडत असे. त्यामुळे डबीवरचा क्रमांक घेऊन वॉल्थमच्या याद्या धुंडाळणे म्हणजे शेजाऱ्याच्या पत्रिकेवरून आपले भविष्य पाहणे. क्रमांक हवा तो मशीनवरचा. तिथेच ‘पी. एस. बार्टलेट’ असे नाव आढळले तर तो आजोबांचा गोरा साहेब नव्हे. वॉल्थम कारखान्यातल्याच एका माणसाच्या नावाने ओळखली जाणारी ती प्रत आहे.

प्रत ठरवताना लोक ज्वेल्स मोजतात. मोजावेत, पण त्यावर थांबू नये. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टनजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली आणि त्यानंतर अमेरिकेतील रेल्वे-घड्याळांचे नियम कडक होत गेले. किमान १७ ज्वेल्स, आठवड्याला ३० सेकंदांहून जास्त फरक नको, आणि पाच स्थितींत जुळवणी हवी. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. घड्याळ आडवे ठेवले, उभे टांगले, कुशीवर वळवले की बॅलन्स व्हीलवरचा भार बदलतो आणि चाल बदलते. ती सारखी ठेवायला कारागिराचे तास खर्ची पडतात. हॅमिल्टनच्या ९९२ ला २१ ज्वेल्स आहेत, पण त्याची कीर्ती या जुळवणीची. उलट तबकडीवर आगगाडीचे चित्र आणि मशीनवर ‘२३ ज्वेल्स’ अशी थाप कोरलेली स्वस्त स्विस नक्कल त्याच काळात भरपूर खपली. इंजिनाचे चित्र दिसले की मी तरी आधी संशय घेतो.

डबीच्या आत जास्तीच्या स्क्रूंचे ओरखडे दिसले तर तिथे पूर्वी दुसरे मशीन नांदत होते असे समजावे. दुरुस्ती करणाऱ्यांच्या बारीक खुणाही पाहाव्यात. लिंकनच्या इंग्रजी घड्याळात डिलन नावाच्या कारागिराने १८६१ साली कोरलेला मजकूर वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने २००९ मध्ये तबकडी काढल्यावर जगाला दिसला. म्हणून तबकडी रंगवून ‘नवी’ करून देणाऱ्यांचा मला राग येतो. मिन्याच्या तबकडीला केसासारखी चीर असणे हा दोष नाही. दुकानदाराचे पुसट नाव रंगाखाली गेले, तर ते कायमचे गेले.

त्याहून वाईट म्हणजे वजनाचा काटा. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने पणजोबांचे घड्याळ सराफाकडे नेले. त्याने डबी चांदीच्या भावात घेतली आणि मशीन कागदाच्या पुडीत बांधून परत दिले. पुडी माझ्याकडे आली. लाँजीनचे १५ ज्वेल्सचे सुरेख मशीन, क्रमांक स्वच्छ. असा क्रमांक कळवला तर सेंट-इमियेतल्या त्यांच्या दफ्तरातून घड्याळ कधी आणि कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाले ते बहुधा कळते. जुन्या लाँजीनच्या डबीवर बहुतेकदा तोच क्रमांक असतो. दोन्ही जुळले की घड्याळ मूळचेच, हे सिद्ध होते. पणजोबांच्या नावाची अक्षरेही त्या डबीवर होती म्हणे. मी चौकशी केली तेव्हा चांदी आटवून आठ दिवस झाले होते.