मधल्या सुट्टीत मुलांजवळ कोण असतं?

बदलापूरच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढला. शाळेत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, सगळं त्यात आलं. ते हवंच होतं. पण कॅमेरा घडलेलं दाखवतो, मुलांना वागायला शिकवत नाही.

भांडणं वर्गात कमी आणि नळावर, पोषण आहाराच्या रांगेत, स्वच्छतागृहापाशी, मैदानावर जास्त होतात. तिथे शिक्षक क्वचितच असतात. आडनावावरून, वस्तीवरून चिडवणं तिथेच चालतं. चिडवणारा सुटतो, हात उचलणारा सापडतो आणि 'त्या वस्तीतली पोरं तशीच' हा शिक्का बसतो. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई नसेल तर तहानलेलंच राहावं लागे. जातीचा धडा शाळेत वर्गाबाहेरही मिळतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

यावर छडी हा उपाय नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. उपाय साधे आहेत. रांग कशी लावायची, पाणी कसं घ्यायचं हे त्या जागेवर नेऊन शिकवावं. सुट्टीत दोन मोठी माणसं मैदानात असावीत. चेंडू, दोरी, लेझीम हाताशी असावं. तक्रार आली की दोन्ही मुलांना, आधी काय झालं, हे विचारावं.

सोलापूरला हे नवीन नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये इथे वसतिगृह सुरू केलं; जिवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळलं. मुंबईत सभेने मोफत वाचनालय आणि महार हॉकी क्लबही चालवला. शाळा सुटल्यावर मुलं कुठे, कोणासोबत असतात यावर त्यांची घडण ठरते, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं.

आज मार्ग शाळा व्यवस्थापन समितीतून जातो. सरकारी आणि अनुदानित शाळांत कलम 21 प्रमाणे तिचे किमान 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. दुर्बल घटकांतील पालकांनाही प्रमाणात जागा द्यावी लागते. कागदावर सही करून येणारे पालक आपल्याकडे खूप आहेत; प्रश्न विचारणारे कमी. तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतल्या आयांना या बैठकीला न्यावं आणि पहिला प्रश्न हाच विचारायला सांगावा : मधल्या सुट्टीत आमच्या लेकरांजवळ कोण असतं?