मैदानाचा हिशेब

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील निवृत्त क्रीडाशिक्षक प्रा. विजय बारसे यांचे नाव 2022 साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. पडद्यावरील कथेला टाळ्या मिळाल्या. तिच्यामागील आर्थिक प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

बारसे यांच्या या कार्याचा आरंभ 2001 सालचा. भर पावसात झोपडपट्टीतील मुले फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांना चेंडू आणून दिला. खेळ चालू असेतो ही मुले व्यसनांपासून दूर राहतात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत तिचे खेळाडू उतरले. 2016 साली ‘फिफा’ने तिला विविधता पुरस्कार दिला. क्रीडाशिक्षकाचे काम आंतरमहाविद्यालयीन ढाली जिंकण्यापुरतेच मानणाऱ्या आपल्या व्यवस्थेत, महाविद्यालयाची पायरीही न चढलेल्या मुलांना आपले विद्यार्थी मानणारा हा शिक्षक विरळाच म्हणावा लागेल.

तथापि केवळ गौरव करून थांबणे योग्य नव्हे. मुलांसाठी जागा घेण्याकरिता बारसे यांना निवृत्तीच्या रकमेला हात घालावा लागला. वास्तविक फुटबॉल हा स्वस्त खेळ. एका चेंडूवर बावीस जण खेळतात. महाग आहे ती जमीन. भिवंडीकरांना हे सांगावयास नको. शहरालगतच्या शेतांत गोदामे उभी राहिली, कारण गोदामाला भाडे मिळते. मैदानाचा लाभ सबंध वस्तीला होतो, परंतु तो कोणा एकाच्या खतावणीत जमा होत नाही. अशा सोयी बाजारपेठ आपण होऊन पुरवीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक सिद्धांत आहे. मग यंत्रमाग कामगाराच्या मुलाने खेळावे कोठे?

पाणी, गटारे आणि रस्ते यांनाच पैसा पुरत नसता मैदानांची चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच गैरलागू नाही. म्हणूनच नवी जमीन घेण्यापूर्वी असलेल्या जमिनीचा तरी पुरता उपयोग व्हावा. शाळा-महाविद्यालयांची कित्येक पटांगणे सायंकाळी व सुटीच्या दिवशी कुलूपबंद असतात. ती वस्तीतील मुलांना खुली करण्यास रखवालदाराचा पगार, क्रीडाशिक्षकाचे मानधन आणि काही चेंडू एवढाच खर्च येईल. काचा फुटतील, भांडणे होतील, ही संस्थाचालकांची भीती रास्त आहे. त्यासाठी नुकसानभरपाईची छोटी तरतूद महापालिकेने करावी. विकास आराखड्यातील क्रीडांगणांची आरक्षणे राखणे हे तर तिचे कर्तव्यच होय.

शहरातील एका तरी संस्थेने येत्या शैक्षणिक वर्षात हा प्रयोग करून पाहावा. सार्वजनिक सोयीचा भार एखाद्या शिक्षकाच्या आयुष्यभराच्या पुंजीवर पडावा, हे कोणत्याही समाजाला भूषणावह नाही.