विश्लेषण : ‘शक्तिमान’, ‘कॅप्टन व्योम’ मोठ्या पडद्याच्या उंबरठ्यावर का अडतात?

हर्सूल (छत्रपती संभाजीनगर) : हर्सूल म्हटले की उरलेल्या महाराष्ट्राला मध्यवर्ती कारागृह आठवते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथल्या शाळकरी मुलांना मात्र आणखी एक तुरुंग माहीत होता. तो अवकाशात होता. त्यातून बारा अट्टल गुन्हेगार निसटले आणि त्यांना धरून आणायला मिलिंद सोमणचा कॅप्टन व्योम निघाला. रविवारी दुपारी ‘शक्तिमान’ लागले की गल्ली ओस पडायची. म्हैसमाळच्या डोंगरावरचा दूरदर्शनचा मनोरा आणि घरावरचा अँटेना ज्यांना आठवतो, ती पिढी आज पस्तिशी-चाळिशीत आहे. मुलांना घेऊन चित्रपटगृहात जाणारी, तिकिटाचे पैसे मोजणारीही तीच आहे. म्हणूनच या मालिकांवर चित्रपट काढण्याच्या घोषणा होतात. प्रश्न आहे तो त्या पुढे का सरकत नाहीत, हा.

नेमके प्रकरण काय?

‘शक्तिमान’ दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. भागांची संख्या चारशेच्या वर गेली. मुकेश खन्ना नायक होते, दिनकर जानी दिग्दर्शक. योगसाधनेतून मिळालेली शक्ती एकीकडे आणि डॉ. जॅकालसारख्या वैज्ञानिकाचे प्रयोग दुसरीकडे, असे तिचे मिश्रण होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने या मालिकेवर तीन चित्रपटांची घोषणा केली. घोषणेला काही वर्षे उलटली तरी पहिला चित्रपटही पडद्यावर आलेला नाही. दरम्यान, नायक म्हणून रणवीर सिंग याच्या नावाची चर्चा सुरू झाली तेव्हा २०२४ मध्ये खन्ना यांनी समाजमाध्यमांवरून जाहीर विरोध केला. केतन मेहता यांच्या १९९८ च्या ‘कॅप्टन व्योम’चेही चित्रपट आणि वेब मालिकेच्या रूपात पुनरागमन जाहीर झाले होते. त्याचीही प्रतीक्षाच आहे.

मालिका आणि चित्रपट यांच्या गणितात फरक काय?

पहिला फरक वेळेचा. प्रत्येकी सुमारे २२ मिनिटांचे ५० भाग धरले तर १,१०० मिनिटे, म्हणजे १८ तासांहून अधिक ऐवज होतो. चित्रपटाला मिळतात अडीच तास. सात तासांतले सहा तास टाकून द्यायचे, असा हा सौदा आहे.

दुसरा फरक रचनेचा. मालिकेत नायक बदलत नाही, संकटे बदलतात. बारा गुन्हेगार म्हणजे बारा गोष्टी. एक पकडला की पुढच्या आठवड्यात दुसरा. चित्रपटाला मात्र एकच संकट आणि त्यातून बदलणारा नायक लागतो. बाराही गुन्हेगार एका चित्रपटात कोंबले तर हाती ‘ठळक घडामोडी’ उरतात, गोष्ट उरत नाही.

तिसरा फरक प्रेक्षकाच्या अपेक्षेचा. दूरचित्रवाणी संचाच्या लहान पडद्यावर पुठ्ठ्याचे यान आणि जाड कडांचे संगणकीय दृश्य खपून गेले. मोठ्या पडद्यावर त्याच गोष्टींना हसू येईल. शिवाय ‘शक्तिमान’च्या भागाअखेरीस येणारे ‘सॉरी शक्तिमान’, म्हणजे मुलांच्या चुका आणि नायकाने दिलेली समज, हा घराघराशी दर आठवड्याला होणारा संवाद होता. चित्रपटात त्याला जागा नाही. ती सवय पुन्हा कशी निर्माण करायची, याचे उत्तर पटकथेत शोधावे लागते, व्हीएफएक्सच्या स्टुडिओत नाही.

हा प्रयोग आधी कुणी केला?

हा पेच सत्तर वर्षे जुना आहे. बीबीसीने १९५३ मध्ये ‘द क्वाटरमास एक्सपरिमेंट’ ही सहा भागांची विज्ञानकथा थेट प्रक्षेपित केली. अवकाशातून परतलेला एक माणूस हळूहळू माणूस उरत नाही, एवढाच तिचा गाभा. हॅमर या कंपनीने १९५५ मध्ये तिचा चित्रपट केला आणि सुमारे तीन तासांचा ऐवज ८० मिनिटांच्या आसपास आणला. उपकथानके गेली, पण गाभा राहिला. चित्रपट चालला आणि हॅमरची भयपटांची वाट तिथून रुंद झाली.

वादही तेव्हापासूनचाच. लेखक नायजेल नील बीबीसीच्या नोकरीत होते, त्यामुळे चित्रपटाचे हक्क विकण्याचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता. मुख्य भूमिकेत ब्रायन डॉनलेव्ही हा अमेरिकी नट घेतला, त्याबद्दलची नाराजी नील यांनी कधी लपवली नाही. ‘माझे पात्र दुसऱ्याच्या अंगावर बसत नाही’ ही मुकेश खन्ना यांच्या विरोधामागची भावना नवी नाही, ती या उदाहरणावरून कळते.

पैसा ओतला की काम होते का?

‘स्टार ट्रेक’चे उत्तर ‘नाही’ असे आहे. १९६६ ते १९६९ या काळात मूळ मालिकेचे ७९ भाग झाले. १९७९ मध्ये आलेल्या पहिल्या चित्रपटावर सुमारे ४.४ कोटी डॉलर खर्च झाले. चित्रपटाने पैसे मिळवले, पण यानाभोवती फिरत राहणारी लांबलचक दृश्ये आणि संथ कथा यांवर टीका झाली. १९८२ चा दुसरा चित्रपट त्याच्या जवळपास चौथाई खर्चात झाला. निर्मात्यांनी १९६७ च्या एका भागातला खान नावाचा खलनायक उचलला आणि दिग्दर्शक निकोलस मेयर यांनी त्याच्या सूडाची एकच गोष्ट सांगितली. आजही या मालिकेतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून बहुतेक चाहते त्याचेच नाव घेतात. मालिकेतून नेमके काय उचलायचे, हे कळले की खर्चही आटोक्यात राहतो.

चाहते पुरेसे असतात का?

सुरुवातीला असतात, शेवटपर्यंत नाही. ‘फायरफ्लाय’ या अमेरिकी मालिकेचे १४ भाग तयार झाले, २००२ मध्ये त्यातले ११ दाखवून ती बंद पडली. डीव्हीडीवर तिला निष्ठावान चाहते मिळाले आणि त्या जोरावर २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट झाला. खर्च सुमारे ३.९ कोटी डॉलर, जगभरातली तिकीटविक्री जवळपास तेवढीच. तिकीटविक्रीतला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो, त्यामुळे हा व्यवहार तोट्यातला ठरला. मालिका न पाहिलेल्या माणसाला दार उघडे आहे असे वाटले नाही, तर चाहत्यांच्या पहिल्या रांगेमागच्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

आपल्याकडे टाळेबंदीत, २०२० मध्ये, दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवली आणि जुन्या प्रेक्षकांनी ती आनंदाने पाहिली. पण घरी फुकट पाहणे आणि चौघांचे तिकीट काढणे यांत अंतर आहे. आजच्या दहा वर्षांच्या मुलाने तोवर परदेशी सुपरहिरोंचे डझनभर चित्रपट पाहिलेले असतात. वडिलांच्या आठवणींवर तो दीड तासही बसणार नाही.

हक्क नक्की कुणाचे?

इथेच अनेक घोषणा अडकतात. दूरदर्शनवर दोन प्रकारचे कार्यक्रम असत. दूरदर्शनने स्वतःच्या पैशाने करवून घेतलेल्या कार्यक्रमाचे हक्क साधारणतः त्यांच्याकडे राहत. प्रायोजित कार्यक्रमात निर्माता वेळ विकत घेई आणि हक्क सहसा त्याच्याकडे राहत. म्हणजे पहिला शोध जुन्या कराराच्या कागदाचा.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रमुद्रित कृतीचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतात. १९९७ मध्ये दाखवलेल्या भागांचे हक्क त्या हिशेबाने २०५७ अखेरपर्यंत जिवंत आहेत. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे काही म्हटले नसेल, तर तो परत जातो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली : करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय दिले गेले असे मानता येत नाही. नव्वदच्या दशकात ओटीटी कुणाच्या गावी होते? त्यामुळे चित्रपटाचा, वेब मालिकेचा, खेळण्यांचा आणि व्हिडिओ गेमचा हक्क अशी प्रत्येक वाट वेगळी तपासावी लागते. कथालेखकाला श्रेय मागण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का लावणारी मोडतोड रोखण्याचा नैतिक हक्कही कायद्याने दिला आहे. नटाला मात्र ‘ही भूमिका माझीच’ असे कायद्याने म्हणता येत नाही; तसे करारातच असावे लागते.

मराठीत काय स्थिती?

मालिकेवरून चित्रपट ही वाट मराठीला अनोळखी नाही. मुंबई दूरदर्शनवर गाजलेल्या चिमणरावांना दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी १९७९ मध्ये ‘चिमणराव गुंड्याभाऊ’तून मोठ्या पडद्यावर नेले. मराठी विज्ञानपटही झाला आहे : सुजय डहाके यांचा २०१६ चा ‘फुंतरू’, अभियांत्रिकी महाविद्यालयात घडणारा. नाही ती मधली कडी, म्हणजे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेली मराठी विज्ञानमालिका. जयंत नारळीकरांपासून मराठी विज्ञानकथेची समृद्ध परंपरा पुस्तकांत आहे, पण वाहिन्यांच्या संध्याकाळी ती दिसत नाही.

मग करायला काय हवे?

‘शक्तिमान’पुरते सांगायचे तर तीन चित्रपटांची घोषणा करण्याआधी एक चित्रपट पुरा करावा. त्यासाठी चारशे भागांतून एक खलनायक आणि एक गोष्ट निवडावी. मूळ लेखक-दिग्दर्शकांचे श्रेय आणि मोबदला आधीच लिखित ठरवावा, म्हणजे वाद समाजमाध्यमांवर जाणार नाहीत. आणि नायकाचा चेहरा बदलणार हे मान्य करावे. मुलांच्या मनात शक्तिमान उरला तो त्याच्या वागण्यामुळे.

मराठीपुरते सांगायचे तर वाट उलटी आहे. आधी सहा भागांची छोटी मालिका, मग चित्रपट. ‘क्वाटरमास’ने दाखवले तसे विज्ञानकथेला यानांचा ताफा लागत नाही, एक चांगला ‘असे झाले तर?’ लागतो. तो या भागात शोधायला फार लांब जावे लागणार नाही. जुन्या शहराच्या काही वस्त्यांना पाणी देणारा हर्सूल तलाव आहे. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये खोदलेले लोणारचे विवर काही तासांच्या अंतरावर आहे. पाण्याची वाट पाहण्यात वर्षे काढलेल्या शहराला ‘उद्याचे पाणी’ या विषयावर काल्पनिक काही सांगावे लागत नाही, फक्त पन्नास वर्षे पुढे सरकवावे लागते. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे जगाचा सिनेमा पाहिलेला तरुण प्रेक्षक आणि अभियांत्रिकी शिकणारी हजारो मुले शहरात आहेत.

जुना नायक परत येवो किंवा न येवो. आज हर्सूलमधल्या मुलाला भविष्याची गोष्ट ऐकायची असेल तर ती परक्या शहरांचीच मिळते. त्या भविष्यात त्याची भाषा नसते, त्याचा तलाव नसतो. खरे नुकसान हे आहे, आणि ते कुठल्याही रखडलेल्या घोषणेपेक्षा मोठे आहे.