तिकीट माफ, पण पायरीचे काय?

आमच्या चाळीत एक आजोबा आहेत. उमेदीची सारी वर्षे त्यांनी गिरणीत काढली. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण दुपारचे दोन वाजले की ते डबा मागतात आणि पाळीला जायचे म्हणून बसस्टॉपवर जाऊन उभे राहतात. याला स्मृतिभ्रंश म्हणतात. हा मेंदूचा आजार आहे. लोक मात्र म्हातारचळ म्हणून हसतात.

गेल्या महिन्यात ते खरोखरच बसमध्ये चढले. कुठे उतरायचे ते सांगता येईना. कंडक्टरने त्यांना पुढच्या सीटवर बसवले, खिशातली चिठ्ठी पाहिली आणि सुनेला फोन लावला. तासाभरात आजोबा घरी आले. सून म्हणाली, "भला माणूस भेटला म्हणून बरं!"

आम्हाला हेच वाक्य बोचले. भला माणूस भेटला नसता तर? आमच्या माणसांचा प्रवास कुणाच्या भलेपणावर का अवलंबून असावा?

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते 21 झाले. बसथांबे, स्टेशने आणि गाड्या दिव्यांगांना वापरता येतील अशी तजवीज सरकारने करावी, असे त्याचे 41 वे कलम सांगते. राजीव रतुरी या अंध गृहस्थांनी यासाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी न्यायालयाने सांगितले की, या सोयींचे नियम नुसते सल्लेवजा असून चालणार नाही, ते सक्तीचे हवेत. मात्र त्या 21 प्रकारांत स्मृतिभ्रंशाचे स्वतंत्र नाव नाही. जे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, ते कागदावरही मागेच राहते.

आपल्या राज्यात 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. चांगलेच झाले. पण तिकीट माफ झाले म्हणून पायरी खाली येत नाही. गुडघे गेलेल्या आजीला ती पायरी चढताच आली नाही, तर फुकटचे तिकीट तिच्या काय कामाचे?

बसची फरशी बुटकी हवी, चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा. पुढच्या थांब्याचे नाव पुकारलेही जावे आणि ठळक अक्षरांत दिसावेही. अंधाला, बहिऱ्याला आणि विसरणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. कंडक्टर-ड्रायव्हरला शिकवले पाहिजे की, गोंधळलेल्या माणसावर ओरडू नये, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, म्हातारे माणूस बसल्याशिवाय गाडी हलवू नये.

आपणही स्वतःकडे पाहावे. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात धडधाकट माणसे शिरतात, त्यांत आपली पोरे नसतात काय? घरात असा आजारी असेल तर त्याच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबरांची चिठ्ठी ठेवा. कपड्याला आतून शिवली तर उत्तम. माणूस हरवला तर वाट पाहू नका, लगेच 112 लावा. ज्येष्ठांच्या मदतीसाठी 14567 हा क्रमांक आहे. थांब्यावर अडचण असेल तर दहा घरांच्या सह्यांचा अर्ज आगारात द्या आणि पोच घ्या.

आजोबा उद्याही दोन वाजता डबा मागतील. त्यांना कोंडून ठेवणे हा काही उपाय नाही. त्यांना बसमध्ये नीट चढता यावे आणि सुखरूप घरी येता यावे, हा त्यांचा हक्क आहे. तो आपणच मागायचा आहे.