नाकाचा सल्ला आणि फुप्फुसाची किंमत

वाशीत रात्री रसायनांचा उग्र दर्प आला की लोक उठून धडाधड खिडक्या लावून घेतात. वास गेला की धोकाही गेला, असे वाटते. मुलांनो, आपण पहिली चूक करतो ती इथेच.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० नंतर कारखाने उभे राहिले आणि १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने त्यांच्या शेजारीच वाशीचे नवे शहर वसवले. खाडीच्या चिखलातला हायड्रोजन सल्फाइड अत्यल्प असला तरी आपल्याला कळतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नाही. आणि अडीच मायक्रोमीटरहून बारीक धूलिकण फुप्फुसाच्या तळाशी पोचतात, तेही नाकाला पत्ता न लागू देता. तरी खर्च आपण नाकाच्या सल्ल्याने करतो!

मग धोका कमी करण्याची किंमत ठरवायची कशी? अर्थशास्त्रज्ञांची एक युक्ती आहे. समजा, हवा स्वच्छ केल्याने १०,००० वस्तीच्या गावात प्रत्येकाचा वर्षभरातला मृत्यूचा धोका दहा हजारात एकाने घटतो. त्यासाठी प्रत्येक जण ५०० रुपये द्यायला तयार झाला, तर ५० लाख रुपये जमतात आणि सरासरीने एक जीव वाचतो. कुणाचा, ते कुणालाच सांगता येत नाही.

हिशेब चोख आहे. पण तुर्भ्याच्या झोपडपट्टीतल्या मजुराला विचाराल तर तो ५० रुपये म्हणेल. त्याची फुप्फुसे काय दसपट स्वस्त आहेत? कमी आहे तो खिसा. धूर तर तो बहुधा जास्तच खातो. अमेरिकेत सत्तरीपुढच्या माणसांच्या जिवाची किंमत कमी धरून हिशेब मांडले गेले, तेव्हा वृद्धांनी असा गदारोळ केला की २००३ मध्ये ती पद्धत सोडून द्यावी लागली. मजुरांना असा गदारोळ करायला सवड कुठली!

म्हणून माझे मत असे, की निदान किमान मर्यादा तरी खिसा पाहून ठरवू नये. या बारीक कणांसाठी आपल्या देशाने २००९ साली घालून दिलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली फक्त ५. मधल्या ३५ ची किंमत कोण मोजतो आहे?

वर्गात एक प्रयोग करा. अर्ध्या मुलांनी घरी विचारावे, "हा धूर थांबवायला महिना किती द्याल?" उरलेल्यांनी विचारावे, "महिना किती दिले तर हा धूर सोसाल?" दोन्ही सरासऱ्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि गुरुजींना दाखवा.