गाजरगवत आणि तटस्थ सिद्धांत : तारखांची साक्ष

हिंगोली जिल्ह्यातील धुऱ्यांवर पावसाळ्यात गाजरगवत आणि तरोटा शेजारी-शेजारी उगवतात. हा निव्वळ शेजार आहे की झुंज? केवळ रोपे मोजून याचे उत्तर मिळत नाही. तारखा पाहाव्या लागतात.

स्टीफन हबेल यांनी २००१ च्या ग्रंथात जीवसमूहांचा ‘तटस्थ सिद्धांत’ सविस्तर मांडला. त्यामागे पनामातील बारो कोलोरॅडो बेटावरील ५० हेक्टर जंगलाची मोजणी होती. समान संसाधनांवर जगणाऱ्या सर्व प्रजातींच्या प्रत्येक रोपाला जगण्या-मरण्याची सारखीच संधी असते, हे त्याचे गृहीतक. स्पर्धाच नसते, असे हबेल म्हणत नाहीत; हा गैरसमज मात्र फार पसरला आहे. जागा मर्यादित असते, एक मेले की तिथे दुसरे येते. पण या चढाओढीत कोणाचेच पारडे जड नसते. संख्या वाढते-घटते ती योगायोगाने. एवढ्या साध्या गृहीतकातून निघणारे विपुल व विरळ प्रजातींचे प्रमाण प्रत्यक्ष जंगलाशी बरेच जुळते.

मात्र जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. एका दिवसाच्या शिरगणतीवरून राज्य कसे स्थापन झाले, हे कळत नाही.

पुण्यातील गाजरगवताची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. (त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला.) १९९९ मध्ये हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर हे तण मराठवाड्यात सर्वपरिचित होते. मधली वर्षे ४३. वर्षाला चार पिढ्या धरल्या तरी १७२. तटस्थ सिद्धांतानुसार मूठभर पाहुणे बहुधा नामशेष होतात; एखादा टिकून बहुसंख्य झालाच, तर त्याला साधारण समूहातील एकूण रोपांइतक्या पिढ्या लागतात. एवढ्या मोठ्या प्रदेशात त्या कोट्यवधी भरतील. १७२ पिढ्यांत घडलेली ही चाल योगायोगाची नाही.

कारणे उघड आहेत. एका रोपाला हजारो बिया येतात, त्यातील पार्थेनिन इतरांची उगवण दडपते, आणि त्याचे नैसर्गिक शत्रू अमेरिकेतच राहिले. त्यामुळेच मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूरला सोडले गेले. तरोट्याचे बी पावसाळ्याआधी टाकण्याचा सल्लाही याच तर्कावर उभा आहे : तो दाट वाढून गाजरगवताला जागाच देत नाही.

तरीही तटस्थ सिद्धांत टाकाऊ नाही. निव्वळ योगायोगाने किती घडले असते, हे तोच सांगतो. हिंगोलीत त्याची परीक्षा स्वस्तात होईल : तरोटा टाकलेला एक धुरा, न टाकलेला दुसरा, आणि दर भाद्रपदात दोन्हींची मोजणी.