बिल्ला कोणाच्या छातीवरचा?

नाझी जर्मनीचे बिल्ले, पिना व पदके विकत घेऊन जमविण्याचा छंद जगात पुष्कळ ठिकाणी रूढ झाला आहे, आणि आता तो आपल्या दारापर्यंत येऊ शकतो. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबातील मुलाने मोबाईलवर मागणी नोंदविली की परदेशच्या विक्रेत्याचे पाकीट इमारतीच्या पहारेकऱ्याकडे येऊन पडते. वडिलांना वाटते, नाणी किंवा टपाल तिकिटे जमवितात तशातलाच हा प्रकार असेल. या छंदास आमचा सरसकट विरोध नाही. इतिहासातील वस्तू हातात घेऊन पारखावी असे वाटणे हे जिज्ञासेचे लक्षण आहे, आणि जिज्ञासेला बंदी घालणारा धर्म आपण स्वीकारलेला नाही. परंतु असा बिल्ला घेणाऱ्याने दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. बिल्ला खरा आहे काय, हा पहिला. आणि तो कोणाच्या छातीवर होता, हा दुसरा. बाजार पहिल्या प्रश्नावर किंमत ठरवितो व दुसरा विचारूच देत नाही. आमचा आक्षेप आहे तो येथे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत मात्र शिकण्यासारखी आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. नाझी पक्षाच्या सभासदाचा साधा बिल्ला गोल असे. मध्ये पांढऱ्यावर काळे स्वस्तिक आणि भोवती तांबड्या कड्यात पक्षाचे नाव. हा रंग म्हणजे धातूवर भट्टीत वितळविलेला काचेचा मीना होय. खरा मीना हाताला थंड व कठीण लागतो आणि त्याची कड रेखीव असते. नकली मालात बहुधा आजकालचा राळेसारखा रंग भरलेला असतो. तो मऊ असतो व कडेला फुगीर दिसतो. खरा बिल्ला पोलादी ठशाने दाबून काढीत, त्यामुळे अक्षरांचे कंगोरे स्वच्छ उठत. साच्यात ओतलेल्या नकलेवर दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली बारीक खड्डे व जोडाची रेघ दिसते. नंतर बिल्ला उलटा करून पाहावा. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून पक्षाच्या म्युनिकमधील साहित्य-नियंत्रण कचेरीची ‘आर.झेड.एम.’ ही मुद्रा आणि कारखानदाराचा ‘एम १’ पासून सुरू होणारा क्रमांक पाठीवर असे. त्यापूर्वीच्या बिल्ल्यांवर नमुना कायद्याने संरक्षित असल्याची ‘गेस. गेश.’ ही अक्षरे आढळतात. मुद्रा एका काळाची आणि टाचणीची घडण दुसऱ्या काळाची असली, तर वस्तू कोणी जुळवून आणली हे समजावे. युद्ध लांबले तसे तांबे-पितळ दुर्मिळ झाले व अनेक पदके जस्ताची निघू लागली. म्हणून धातूही साल सांगतो.

एवढ्यानेही निर्णय लागतोच असे नाही. काही जुन्या कारखान्यांनी युद्धानंतरही जुन्याच ठशांवरून माल काढला. व्हिएन्नाच्या सूवाल या कारखान्याचे नाव या बाबतीत संग्राहकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. पश्चिम जर्मनीने १९५७ साली कायदा करून युद्धातील पदके स्वस्तिक काढून वापरण्यास मुभा दिली, तेव्हा तशी नवी पदकेही निघाली. आज जर्मनीत ही चिन्हे जाहीरपणे मिरविणे दंडसंहितेच्या ८६ अ या कलमाखाली गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन व कला यांना त्यातून सूट आहे. ज्या देशात हे सर्व घडले त्याने वस्तूचा अभ्यास आणि वस्तूची मिरवणूक यांत केलेला हा भेद आपणही ध्यानात ठेवावा. आपल्याकडे तो भेद पुसट आहे. नवी मुंबईत २००६ साली एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव व स्वस्तिकाची सजावट देण्यात आली. ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते नाव बदलले गेले. नाव देताना मात्र कोणाला काही वावगे वाटले नव्हते!

आता दुसरा प्रश्न. पक्षाच्या सुवर्ण बिल्ल्याच्या पाठीवर सभासदाचा क्रमांक असे. पहिल्या एक लाख क्रमांकांतील ज्यांचे सभासदत्व अखंड होते, त्यांना तो मिळे. १९४५ साली पराभव दिसू लागताच पक्षाची सभासद-पत्रके लगदा करण्यासाठी म्युनिकजवळच्या एका कागद गिरणीत पाठविण्यात आली. गिरणीच्या मालकाने ती नष्ट केली नाहीत. पुढे ती अमेरिकनांच्या ताब्यात गेली व १९९४ साली जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आली. म्हणजे बिल्ल्यावरील क्रमांकावरून माणसापर्यंत पोहोचण्याचा मार्ग उघडा आहे. तो मार्ग न चालता केवळ मीना तपासणारा संग्राहक, आमच्या मते, अर्धाच पारखी होय.

हे बिल्ले आपल्या भूमीला अगदी परके आहेत असेही नव्हे. १९३९ साली युद्ध सुरू होताच हिंदुस्थान सरकारने येथील जर्मन पुरुषांना पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवले. पुढे देवळाली व मग डेहराडून असा त्यांचा प्रवास झाला. त्या पकडलेल्यांत नाझी पक्षाचे निष्ठावंत होते, आणि त्याच नाझींच्या छळाला भिऊन मुंबईत आश्रयाला आलेले ज्यूही होते. सरकारच्या लेखी दोघेही शत्रुराष्ट्राचे नागरिक. चौकशी होऊन ज्यूंची सुटका होईपर्यंत छळणारा व छळलेला एकाच कुंपणाआड राहिले. त्या काळी मुंबईने ज्यांना आसरा दिला त्यांतीलच एक वॉल्टर कौफमन. तो १९३४ साली येथे आला, आणि आकाशवाणीची जी सूर-ओळख आपण पहाटे ऐकत आलो तिचे श्रेय त्याला दिले जाते.

नाझींनी आपल्या छातीवर एक बिल्ला लावला आणि दुसऱ्याच्या छातीवर एक बिल्ला लादला. सप्टेंबर १९४१ च्या फर्मानाने जर्मनीतील सहा वर्षांपुढील प्रत्येक ज्यूने कपड्यावर, डाव्या छातीशी, पिवळा तारा शिवणे बंधनकारक झाले. फ्रान्समध्ये १९४२ साली हे तारे घेण्यासाठी ज्यूंना स्वतःच्या कापडाच्या रेशनमधील कूपन द्यावे लागे. अपमानाचे चिन्ह, आणि तेही पदरच्या कापडाच्या मोबदल्यात!

वाचकहो, हे वाचताना आपणांस काय आठवले असेल ते आम्ही जाणतो. पेशवाईत अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, चुकूनही त्याचा विटाळ होऊ नये म्हणून. आणि पुण्यात कमरेला झाडू व गळ्यात मडके अडकवून फिरावे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या प्रबंधात लिहून ठेवले आहे. माणूस दुरून ओळखता यावा व ओळखून टाळता यावा, ही युक्ती बर्लिनला सुचण्यापूर्वी पुण्यात चालत होती. दोन्ही गोष्टी एकच होत्या असे आम्ही म्हणत नाही. नाझींचा तारा थोड्याच वर्षांत मृत्यूच्या छावणीकडे नेणारा ठरला, तर आपला दोरा पिढ्यान् पिढ्या जिवंत माणसाच्या गळ्यात राहिला. पण फरक आणखी एक आहे. पिवळा तारा आज संग्रहालयांत आहे व त्याच्याही नकला विकल्या जातात. काळ्या दोऱ्याला कारखान्याची मुद्रा नव्हती, त्याची नोंदवही कोणी ठेवली नाही, आणि त्याला गिऱ्हाईकही नाही. ज्याच्या आजोबांच्या आजोबांनी तो दोरा बांधला, त्याने हौस म्हणून नाझींचा बिल्ला छातीला टाचावा काय, याचे उत्तर आम्ही द्यावयास नको.

स्वस्तिकाविषयी एक खुलासा. बौद्ध स्वस्तिक डावे व नाझी उजवे, असे सर्रास सांगितले जाते; ते बरोबर नाही. बौद्ध परंपरेत दोन्ही दिशांची स्वस्तिके आहेत आणि जुन्नरच्या लेण्यांतील लेखांतही हे चिन्ह आढळते. नाझी पक्षाने ते १९२० साली घेतले व बहुधा तिरके उभे केले. केवळ आकृतीवरून निवाडा करणारा फसतो. ती कोठे, कधी आणि कोणत्या हेतूने कोरली हेच पाहावे लागते.

वस्तूचा ठावठिकाणा नोंदविण्याचे महत्त्व पाहावयाचे असेल तर एव्हरशाईन सिटीच्या रहिवाशांनी शेजारच्या नालासोपाऱ्यास जावे. लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, तेथील स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरला. एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धमूर्ती, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे कोठे व कसे मिळाले हे त्यांनी लिहून ठेवले. म्हणून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतील त्या वस्तू आजही बोलतात. त्याच वस्तू एखाद्या दलालाच्या पेटीत सापडत्या, तर शोभेच्या ठरत्या.

हीच नजर घरातील पेटीकडे वळवावी. १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली व १९२१ साली मोडली गेली. महार शिपायांची पहिली नवी पलटण पुन्हा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला, बाबासाहेबांच्या आग्रहाने आणि नाझींविरुद्धच्या युद्धात. तिच्या जुन्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्याच्या जागी कट्यार आली. अशी स्तंभाची खूण असलेला बिल्ला घरात असेल तर तो घासून चकचकीत करू नये, मोडीतही घालू नये. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश पदक असेल तर त्याची कड उजेडात तिरपी धरावी. त्यावर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. ती अक्षरे जशीच्या तशी एका कागदावर उतरवून घ्यावीत. पदक कोणाचे, गाव कोणते, ते घरात कोणाकडून आले हे घरातील सर्वांत वयस्कर माणसाला विचारून त्याखाली लिहावे, तारीख घालावी, आणि तो कागद पदकाबरोबरच ठेवावा.